पांढऱ्या चादरीवरचं घंगाळ

बिबवेवाडी, पुणे
३ डिसेंबर २००६

चि. दिगूस,
स्वयंपाकघराच्या खिडकीतून आजीचे ओंजळभर आशीर्वाद.

सृष्टी म्हणाली, "आजी, तू नुसतं सांग, मी टाईप करते. दादाला दोन मिनिटांत मेल जाईल." मी म्हटलं, नको बाई, तू मधल्यामधे माझी वाक्यं छाटतेस. मी चौथी पास आहे. हळू लिहीन, पण माझं मी लिहीन. तिकडे बंगलोरला पोस्टमन येतो ना रे?

तर कॅमेरा. दिवाळीत तू तो माझ्या हातावर ठेवलास तेव्हा मी मनात म्हटलं, पोराचा पगार फारच वाढलेला दिसतो. मी काय करू त्याचं? घरातली माणसं फोटोला सरळ उभी राहत नाहीत. तुझा बाबा डोळे मिटतो. तुझी आई म्हणते, "अहो आई, थांबा, साडी बदलून येते," आणि गेली की येतच नाही. तू म्हणालास, "माणसांचं सोड, वस्तूंचे काढ. त्या कुठे पळत नाहीत." त्याला तुम्ही स्टिल लाईफ म्हणता. मी मांडणीचे फोटो म्हणते. हळदीकुंकवाला सगळी बिल्डिंग मला मांडायला बोलावते, तेच हे, नुसतं बायकांशिवाय.

पहिला फोटो मी काढला त्यात वांगी, तांब्या, लसणाची माळ, नारळ, करंडा, दोन लिंबं, पाट आणि पाटाखाली रांगोळी एवढं होतं. सृष्टीने तुला धाडला. रात्री तुझा फोन. "आजी, हा फोटो आहे का तुळशीबाग?" मला इतकं हसू आलं की तुझी आई, सत्यशीला, बघायला आली. मग तू फोनवर सांगत गेलास आणि मी काढत गेले. लसूण काढ. नारळ काढ. अजून काढ. शेवटी तीन वांगी आणि तांब्या राहिला, तोही फोटो सृष्टीने तुला धाडला. तू म्हणालास, "आजी, ते कडेचं वांगं फोटोच्या बाहेर बघतंय. त्याचं देठ आत वळव." मी वळवलं. आणि काय सांगू दिगू, ती तीन वांगी एकमेकांशी बोलायलाच लागली! दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून ऊन तिरपं आलं तेव्हा पुन्हा मांडली, पुन्हा काढला फोटो. तुझी आई ओट्याशी उभी. "अहो आई, वांग्यांचं बोलून झालं असेल तर भरू का ती?"

हसायचं राहू दे, एक गोष्ट सांगते. तुझे आजोबा नागोराव भला माणूस. कारखान्यातून आले की मुकाट जेवायचे. मीठ कमी असलं तरी मुकाट. बाकी सगळे "छान झालंय" म्हणणारे. छान म्हणायला बघावं लागत नाही रे. पण माझ्या वांग्याचं देठ कुणीकडे वळलंय ते एवढ्या वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. चूक काढायची तर आधी बघत बसावं लागतं. तू बंगलोरात एवढ्या मोठ्या नोकरीत, आणि माझ्या वांग्यांकडे बघत बसतोस! मी बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं.

थंडी पडली असेल तर कानाला काहीतरी बांध. तुमच्या ऑफिसात म्हणे आतच थंडी असते.

तुझी आजी


बिबवेवाडी
११ फेब्रुवारी २००७

चि. दिगूस,
संक्रांतीचा तिळगूळ पोचला असेल, त्याच गोडीने हे वाच.

वांगी पुरे, आता माळ्यावरची भांडी काढ असं तू म्हणालास आणि चमत्कार झाला. तुझा बाबा स्वतः स्टूल घेऊन माळ्यावर चढला! ट्यूब बदलायला वायरमन बोलावणारा माणूस! घंगाळ उतरवलं, हंडा उतरवला, परात, चरवी, दोन समया, पानाचा डबा, सगळं. मी म्हटलं, बद्री, पाठ धरेल. तर म्हणतो, "आई, तुझा छंद आहे, करू दे मला." माझे डोळेच भरून आले.

सगळी चिंचेने घासली. बाल्कनीत मांडली तर शेजारची मुलं तोंड बघायला आली त्यात. प्रत्येकावर नाव आहे, तुला सृष्टीने फोटो दाखवलेच. तू विचारलंस म्हणून सांगते, घंगाळावर आहे ते "सोजर हिच्या लग्नात मामांकडून, आर्वी." मामांनी ठोक्या बोलावून ओसरीवर बसवला होता, आणि मी दाराआडून ऐकत होते, माझं नाव ठोकलं जात होतं टिकटिक. पानाच्या डब्यावर "सोजरबाईंस गोदाबाईकडून, खडकी." खडकीच्या क्वार्टरमध्ये भिंतीला भिंत लावून आम्ही राहिलो. आजोबा रिटायर झाल्यावर आम्ही क्वार्टर सोडली तेव्हा तिने दिला. पान मी खात नाही हे तिला माहीत होतं. म्हणाली, "मी येईन ना खायला." आली एकदा. मग गेलीच ती.

बघ, कुठून कुठे गेले. फोटोंचं सांगायचं होतं.

तुझ्या सूचना हल्ली बदलल्यात. एका वेळी एकच वस्तू ठेव म्हणतोस. मागे पांढरी चादर. मी चरवीत एक शेवंती घातली होती, तर "फूल नको, लोकांचं लक्ष जातं." मी विचारलं कोणते लोक, तर तुझा आवाज तुटला. मोबाईलचं हे फार वाईट. मग, भांडं उपडं करून बूड दाखव. पोचा आला असेल तिथला जवळून घे. आणि शेजारी फुटपट्टी ठेव. फुटपट्टी! अरे, घंगाळासारख्या भारदस्त वस्तूच्या शेजारी सृष्टीची प्लास्टिकची फुटपट्टी म्हणजे लग्नात पोलीस उभा केल्यासारखं. मी ती हळूच बाहेर सरकवली, तर तू चिडलास. पुन्हा काढला.

आणखी एक. घंगाळाच्या पोटात मी दिसते. खिडकी दिसते, कॅमेरा धरलेली बुटकी म्हातारी दिसते. मला तो फार आवडला होता. तू म्हणालास, "आजी, तू त्यातून बाहेर हो." मग सृष्टीने एका बाजूने आणि सत्यशीलाने दुसऱ्या बाजूने चादर धरली, मी चादरीला भोक पाडून त्यातून कॅमेरा घातला. जुनीच चादर होती. तासभर तिघी हसत होतो. आता मी दिसत नाही. तू "एकदम सही" म्हणालास.

तुला कळतं त्यातलं, मी ऐकते. पण मला विचारशील तर एकटं भांडं बरं दिसत नाही. नुसतं बसलंय. कुणाची वाट बघितल्यासारखं.

बद्रीने घंगाळ आणि हंडा तांबट आळीत उजळायला नेलेत. मी म्हटलं, चिंचेने लखलखतंय की. तर म्हणाला, "मशीनवर अजून चांगलं होतं." होऊ दे.

तुझी आजी


बिबवेवाडी
१९ मे २००७

दिग्विजयास,
आशीर्वाद आहेतच. ते काही परत घेता येत नाहीत.

हे पत्र सृष्टीच्या हाती दिलेलं नाही. माझी मी पोस्टात टाकणार आहे. तिला काही बोलू नकोस, ती परवापासून खोलीतून बाहेर येत नाही. बारावीचं पोर, तिला तुम्ही दोघांनी मधे घेतलंत.

परवा दुपारी बेल वाजली. बद्री बँकेत, तुझी आई वाण्याकडे. दारात एक बाई. काळा चष्मा डोक्यावर चढवलेला, हातात गाडीची किल्ली. "सोजर आजी तुम्हीच ना? अय्या, मी तुमचे फोटो बघून इतकी फॅन झालेय!"

मला काय वाटलं असेल सांग. मला वाटलं, माझे फोटो कुठेतरी लागले. तू कुठल्यातरी प्रदर्शनात दिलेस आणि मला कळू दिलं नाहीस. लोक घर शोधत येतात माझे फोटो बघून! मी त्यांना आत घेतलं, पंखा मोठा केला, सृष्टीला चहा टाकायला सांगितलं. ती स्वयंपाकघराच्या दारातच उभी, पांढरी पडलेली. मी म्हटलं, अगं बघतेस काय, चकलीचा डबा काढ.

बाई फार गोड बोलत होत्या. "तो उजेड काय सुंदर पकडलाय तुम्ही! कुठे शिकलात?" मी म्हटलं, माझा नातू शिकवतो, बंगलोरला असतो. आणि सुटलेच मी. वांग्याचं देठ, तुळशीबाग, चादरीचं भोक, सगळं सांगितलं. त्या हसल्या. खरंच हसल्या, बिचाऱ्या. मग मी म्हटलं, "घंगाळ दाखवलं असतं, पण तांबट आळीत दिलंय. मेला तांबट तीन महिने तंगवतोय."

"नाही हो," त्या म्हणाल्या. "ते तर माझ्या बहिणीकडे आलं ना होळीतच. तिने दिवाणखान्यात ठेवलंय. पाणी भरून त्यात मेणबत्त्या सोडते. इतकं क्यूट दिसतं!"

आत कप आपटला.

मला तेव्हाही कळलं नाही, दिगू. मला वाटलं, तांबटाने फसवलं. माझं भांडं परस्पर कुणाला देऊन टाकलं. मी त्यांना सांगायलाही लागले की तुमच्या बहिणीला सांगा, चोरीचा माल आहे तो. तोवर त्यांनी शोकेसमधला पानाचा डबा उचलला होता. उपडा केला, नाव वाचलं. "हाच. तुमच्या मुलाने शनिवारी यायला सांगितलं होतं, पण मी इकडूनच चालले होते. आजच नेऊ?"

मी म्हटलं, "अहो, त्यावर नाव आहे."

"नावच तर हवंय मला! एकदम ऑथेंटिक. ह्या गोदाबाई कोण? काय स्टोरी आहे त्यांची?"

तू हुशार आहेस, तुला हे आधीच कळलं असेल. मला नव्हतं कळलं. आमच्यात भांड्यावर नाव घालतात ते कशाला? वाढायला दिलेलं भांडं परत यावं म्हणून. पंगतीत कुणाचं कुणाकडे जाऊ नये म्हणून. अगदी अडचण आली तर माणूस मोडीत घालतो, तेव्हा वितळून जातं, नाव कुणी वाचत नाही. दुसऱ्याचं नाव असलेलं भांडं कुणी घरात हौसेने मांडेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. तू अक्षराचा जवळून फोटो घे म्हणालास तेव्हा मला वाटलं, पोराला आजीच्या नावाचं कौतुक आहे.

माझा चेहरा बघून त्या बाई थांबल्या. "तुम्हाला... माहीत नव्हतं?" डबा खाली ठेवला. शहाणी बाई. म्हणाल्या, "सॉरी आजी, मला वाटलं तुमचाच बिझनेस आहे. तुमच्याच नावाचा आहे ना." निघाल्या. चकल्या मात्र मी कागदात बांधून दिल्या. दारात आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?

मग सृष्टीने मला कॉम्प्युटरपुढे बसवलं. रडत होती आणि दाबत होती. वर मोठ्या अक्षरात माझं नाव. सोजर. खाली माझी भांडी, ओळीने, पांढऱ्या चादरीवर, प्रत्येकाशेजारी फुटपट्टी. घंगाळावर तांबडी पट्टी. "याचा अर्थ काय गं?" "विकलं गेलं, आजी." हंड्यावर तांबडी. परातीवरसुद्धा, जी मी माळ्यावर परत गेली समजत होते. परात तर म्हणे अमेरिकेत गेली. मी आर्वी सोडून पुण्याला आले तेव्हा आई आठ दिवस जेवली नव्हती.

सगळं वर-खाली करून बघितलं. वांग्यांचा फोटो कुठेच नव्हता.

संध्याकाळी बद्री आला. मी काही ओरडले नाही. विचारलं, तांबट काय म्हणतो? त्याने चपला काढल्या त्या पुन्हा घातल्या.

"आई, आपण बावधनच्या नवीन फ्लॅटमध्ये राहायला जाणार, तिथे माळा नाही. कुठे ठेवणार होतो आपण ते सगळं?"

"मला विचारायचं."

"तू हो म्हणाली नसतीस."

"म्हणून तर विचारायचं असतं."

सत्यशीला म्हणाली, "मी ह्यांना सांगत होते." सांगत असेल. चादर धरून हसतही होती.

पानाचा डबा मी माझ्या उशाशी ठेवलाय. एवढंच.

आजी


बिबवेवाडी
८ जुलै २००७

दिग्विजय,
तू विचारतोस, आजी फोनवर का येत नाही. फोनवर मी लगेच विरघळते, म्हणून.

एकदा आले होते ना. तू किती वेळ बोललास! सरप्राईज द्यायचं होतं. नोकरीच्या जोडीला काहीतरी स्वतःचं उभं करायचं होतं. मित्र म्हणाला, कंपनीला नाव काय देऊ, तर तुला माझंच नाव सुचलं. "आजी, तुझं नाव आता जगभर आहे." बरं बाबा. माझं नाव आर्वीपासून अमेरिकेपर्यंत गेलं, आणि मला कळवायचं तेवढं राहिलं. घंगाळ परत आणतो म्हणालास. आणून ठेवशील कुठे? माळा नाही.

मी एकच विचारलं होतं. कडेच्या वांग्याचं देठ आत वळव म्हणालास तेव्हा तुझ्या डोक्यात हे होतं का? तू म्हणालास, "नाही गं, शपथ. सुरुवातीला तसं काही नव्हतं."

सुरुवातीला म्हणजे कुठपर्यंत, ते तू सांगितलं नाहीस. मी सृष्टीकडून सगळे फोटो काढून घेतले आणि जेवणाच्या टेबलावर ओळीने लावले. वांगी. मग तांब्या आणि लिंबू. मग समई. मग शेवंती घातलेली चरवी, मग शेवंती काढलेली चरवी. किती वेळा बघितले. कुठल्या फोटोपर्यंत तू फोटो बघत होतास आणि कुठल्यापासून भांडं, ते मला सापडत नाही. तुझा आवाज सगळीकडे तसाच होता रे. तितकाच प्रेमळ. हेच जास्त लागलं मला, भांड्यांपेक्षा. भांडी काय, मी मेल्यावर तुम्ही विकलीच असती.

आता गंमत ऐक. नारायण पेठेत फोटो धुवायला गेले होते, तिथे जिन्यात पाटी दिसली. रविवारी शाळेच्या वर्गात छायाचित्रांवर चर्चा, सर्वांना प्रवेश. खाली लिहिलं होतं, "उशिरा येणाऱ्यांनी बाहेरूनच कौतुक करावे." मी वेळेआधी गेले. बाकावर बसले, चौथीनंतर पहिल्यांदा! सगळे पँटवाले. मुख्य आहेत ते खाजगीवाले सर, सुकलेले, कानात केस. एकेकाचा फोटो फळ्याला लावतात आणि सोलतात. एकाने फुलदाणीचा आणला होता, त्याला म्हणाले, "आपण सौंदर्य टिपलंत, आता फोटोही काढा." मी माझा फोटो पिशवीत परत ढकलला. पण मला तेच हवं होतं ना. माझं काहीही नको असलेल्या माणसाने माझा फोटो बघावा.

मी घंगाळाचा लावला. तोच माझा सगळ्यात नीट फोटो, तूच सांगितलेला.

सरांनी चष्मा पुसला, जवळ गेले, पुष्कळ वेळ बघितलं. "आजी, उजेड उत्तम. कडा स्वच्छ. चूक एकही नाही." मी फुलून गेले. मग म्हणाले, "गेलं का?"

"काय गेलं?"

"घंगाळ. विकायलाच काढलं होतं ना?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले, सगळ्यात मोठ्याने हसले, म्हणजे दुसरं काही दिसू नये. सर ओशाळले असावेत, चहाच्या वेळी जवळ आले. म्हणाले, "मला घरी बोलता येत नाही म्हणून इथे बोलतो. वाईट वाटून घेऊ नका." मी म्हटलं, बरोबर ओळखलंत, वाईट कशाला वाटेल? ते म्हणाले, "पुढच्या वेळी तुमचं काहीतरी आणा." मी म्हटलं, हे माझंच होतं.

आज सकाळी ते मनावर घेतलं. आजोबांचा चष्मा काढला कपाटातून. तो कधी कुणाला दिला नाही, कुणी मागितलाही नाही, जाड काळ्या काड्यांचा, एका बिजागरीला दोरा बांधलेला. घरात कुणी नव्हतं. खिडकीतून ऊन बरं होतं, पावसाने उघडीप दिली आहे. मी मांडला, काढला फोटो, मागच्या छोट्या पडद्यावर बघितला. आणि कॅमेरा खाली ठेवला.

पांढरी चादर अंथरली होती मी. चष्मा एकटा, मधोमध. दोरा बांधलेली बाजू पुढे, म्हणजे दोष लपवला असं नको. काडीच्या आत कोरलेला नंबर वाचता येईल असा वळवलेला. शेजारी फुटपट्टी. अरे, ती मी ड्रॉवरमधून कधी आणली तेसुद्धा मला आठवेना. माझा हातच तसा वळलाय आता. नागोरावांचा चष्मा मी विकायला मांडला, आणि इतका चांगला मांडला की कुणीही घेईल.

तो फोटो तुला पाठवत नाही. तुला त्यात काही चूक सापडणार नाही, आणि ते मला तुझ्याकडून ऐकायचं नाही.

फुटपट्टी काढली. चादर काढली, पाट ठेवला. मग बसले विचार करत. त्यांच्या चष्म्याजवळ घरात काय असायचं? पेपर असायचा, पण तो काय कुणालाही सुचेल. चहाचा कप ठेवून बघितला, नाही बसला. इतकी वर्षं त्या माणसाला वाढलं, आणि त्यांच्या हाताशी काय असायचं ते डोळ्यांपुढे येईना. सगळं दिसतं ते एकटंच दिसतं.

सत्यशीला आत्ताच आली, पानं घ्यायची म्हणतेय. "अहो आई, हा चष्मा उचलू का टेबलावरून?" मी म्हटलं, थांब गं थोडं. त्याच्या शेजारी काय ठेवायचं ते अजून सुचायचंय.

आजी